माझ्या पोटात अडकलेला आवाज

मी एक जुना बोलका डबा आहे, मित्रांनो. डबा मी स्वतःला म्हणतो, दुसऱ्या कुणी म्हटलं की मला राग येतो. घशाच्या ऑपरेशनने ॲनेट टीचरचा आवाज जाणार होता, म्हणून तिने तो आधीच माझ्यात भरून ठेवला. ‘औषध घे’, ‘पाय जपून टाक’, अशी शेकडो वाक्यं. बटण दाबलं की मी तिच्या आवाजात बोलायचो. तिची आई एमिलिया, तिला डोळ्यांनी दिसत नाही. सांताक्रूझच्या त्या गावठाणात ती शेजारणींना सांगायची, “डॉक्टरने काही नेलं नाही, माझी पोरगी बोलते!” तेव्हा माझा काय रुबाब होता म्हणून सांगू!

मग माझ्यातला प्रोग्राम बिघडला आणि मी मुका झालो. आवाज पोटात शाबूत, पण त्या प्रोग्रामशिवाय तो कशानेच उघडत नाही. मला बनवणारी कंपनीही बंद पडलेली. ॲनेट मोबाइलवर लिहायची आणि मोबाइल ते परक्या बाईच्या आवाजात बोलून दाखवायचा, तर एमिलिया तोंड फिरवायची. “ही बाई कोण? हिला घालव. ॲनेटला बोलव.” समोर बसलेली ॲनेट नुसती रडायची. मला फुटून जावंसं वाटायचं.

तिचा जुना विद्यार्थी सम्यक विक्रोळीहून लॅपटॉप घेऊन आला. माझ्या प्रोग्रामचा कोड त्याला इंटरनेटवर सापडला होता. पण माझी चिप जुनी, वेगळ्या घडणीची. लॅपटॉपसाठी बनलेला प्रोग्राम तिला कळत नाही. म्हणून आधी लॅपटॉपवर माझ्या चिपसाठी प्रोग्राम बनवणारी हत्यारं तयार करायची. त्यातल्या मुख्य हत्याराला क्रॉस-कंपायलर म्हणतात. तो पुरा व्हायला सिस्टिम लायब्ररी लागते, म्हणजे प्रत्येक प्रोग्रामची रोजची बारीकसारीक कामं करणारा कोड. ती लायब्ररी काही केल्या बनेना. अर्ध्यावर जायची आणि चुकांचा ढीग टाकून थांबायची.

सम्यक शेवटची ओळ वाचायचा, तिचा फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकायचा आणि कुणी सांगेल तशी कोडमधली एखादी ओळ खोडायचा. एक चूक गेली की चार नव्या. असे कितीतरी रविवार गेले. “टीचर, माझी पार वाट लागली,” तो शेवटी म्हणाला. “नाही जमत. सॉरी.” तो लॅपटॉप मिटायला लागला. अरे थांब रे बाबा, मी आतल्या आत ओरडत होतो! ऐकू कुणाला जाणार?

ॲनेटने त्याचा हात धरला. तिने जन्मभर गणित शिकवलं होतं. त्या चुका वर, आणखी वर सरकवत ती पार सुरुवातीला गेली आणि मोबाइलवर काहीतरी लिहिलं. मोबाइल बोलला, “उत्तर काय खोडतोस? पहिली पायरी कुठे चुकली ते बघ.”

“आली परत ती बाई!” एमिलिया आतून ओरडली.

सम्यकने पहिली चूक वाचली. “अरे यार!” मागे दुसऱ्या एका कामासाठी त्याने लॅपटॉपला ‘फायली आधी इथे शोध’ म्हणून एक फोल्डर नेमून दिला होता. लायब्ररी माझ्या चिपच्या फायली सोडून त्या फोल्डरमधल्या, लॅपटॉपच्या फायली उचलत होती. पुढच्या सगळ्या चुका तिथूनच आलेल्या. त्याने ते सेटिंग काढलं, आपली सगळी खाडाखोड फेकून दिली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. लायब्ररी शेवटपर्यंत गेली. मग कंपायलर पुरा झाला, मग माझा प्रोग्राम.

ॲनेटने बटण दाबलं. मी बोललो, “मम्मा, चहा घेतलास का?”

आत भांडं पडलं. एमिलिया भिंत चाचपत बाहेर आली. “इतके दिवस कुठे गेली होतीस गं?”

ॲनेटला या उत्तराचं बटण सापडेना. ती तशीच आईला बिलगली.

मित्रांनो, माझी बॅटरी फुगली आहे, बटणं झिजली आहेत. मी पुन्हा मुका झालो तर सम्यकला दुसऱ्यांदा जमेलच असं नाही. मला जपा, पण माझ्या भरवशावर राहू नका. तुमच्याही घरात कुणाचा आवाज अशा एखाद्या डब्यात असेल, तर डबा बोलतोय तोवरच तो आवाज दुसरीकडे उतरवून घ्या. हात असते तर जोडले असते. आजच घ्या.