अर्ध्या मात्रेची उसंत

"आता म्हणे ताल स्पीकरच्या डबीतून यायचा. मग आम्ही काय, घरी बसून शेंगा सोलायच्या?"

ढोलवाले काका ढोलाशीच पुटपुटत होते, पण कपाटाआड गुडघ्याला पट्टी गुंडाळत बसलेल्या थोरलीला सगळं ऐकू आलं. तिने पट्टी सोडली, पुन्हा बांधली. तिसऱ्यांदा.

नाचाच्या पथकात वयाने मोठी म्हणून ती थोरली. अठरा वर्षं या शहरात नाचत होती. खरं तर नाचण्यापेक्षा बसमागे पळणंच जास्त. सकाळी शाळेतला वर्ग, दुपारी जिममधल्या बायकांना कंबर हलवायला शिकवणं, आणि उरलेल्या जिवात सराव. आज मोठ्या नाट्यगृहाच्या संचालकबाई पथक पाहायला येणार होत्या. पसंत पडलं तर सहाही जणींना कायमची नेमणूक. धाकट्या बहिणीने सकाळीच फोनवर बजावलं होतं, "ताई, या वेळी चिकटून घे बाई. किती वर्षं ती पायाला भिंगरी?"

बाई आल्या, खुर्चीच्या कडेवर टेकल्या. "रेकॉर्डिंगवरच बघते. दौऱ्यावर वादक नेता येत नाहीत."

काकांनी ढोल बाजूला सारला आणि थोरलीकडे पाहिलं. बिचाऱ्यांना लागलं, असं तिला वाटलं. तसंही नाचातल्या मोठ्या उडीच्या आधी काका हल्ली रेंगाळायचे. म्हातारपणी हात जड झालाय म्हणून तिने सहा महिने त्यांना सांभाळून घेतलं होतं, चकार शब्द न काढता.

सुरुवात झकास झाली. गिरक्या, ओळ मोडणं, ओळ जुळणं, कुठे म्हणून बोट ठेवायला जागा नाही. मग उडी आली. ताल धाडकन पडला, आणि सहाच्या सहा जणी जमिनीवरच. अर्ध्या मात्रेनंतर सगळ्या एकदम उडाल्या, एकदम उतरल्या. अगदी एकजीव. अगदी चूक.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

पुन्हा तेच.

"एखादी चुकली तर समजू शकते. सहा जणी एकसारख्या कशा चुकता? ही तर घोटून पाठ केलेली चूक आहे."

"फरशी जरा गुळगुळीत आहे," पथकातलं शेंडेफळ म्हणून जिला शेंडी म्हणत, ती म्हणाली.

"आवाज घुमतो इथे," दुसरीने री ओढली.

काकांना एकाएकी ढोलाची दोरी आवळायची आठवण झाली. दोरी आधीच घट्ट होती.

थोरली एकेकीकडे बघत गेली. कोणी छताकडे पाहत होती, कोणी आरशाकडे, कोणी स्वतःच्या नखांकडे. तिच्या पायाकडे मात्र एकीचीही नजर जाईना. सांभाळून कोण कोणाला घेत होतं, ते तिला तेव्हा कळलं.

ती खाली बसली आणि पट्टी सोडायला लागली.

"फरशीला काही झालेलं नाही. या पाच जणींना माझ्याशिवाय उडू द्या, बाई, त्या बरोबर उडतील. माझा गुडघा गेलाय."