डाव्या पायाचा मोजा

शनिवारी सकाळी आमच्या जिन्यात पाय ठेवायला जागा नसायची. खाली बाबागाड्यांची रांग, वर प्रतीक्षाखोलीत छातीशी बाळं बांधलेल्या आया, आणि दाराशी झोपेला पारखे झालेले बाप. सात-आठ बाळं एकदम टाहो फोडत असायची. आत गिल्दास केरवेल एकेका बाळाचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून डोळे मिटून बसायचे. वीस मिनिटांनी दार उघडलं की बाळ बहुधा झोपलेलं असायचं. मग सगळ्या आया माना वर करून बघायच्या आणि कुणीतरी हलकेच म्हणायचं, "काय हातगुण आहे बाई या माणसाला."

फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचं आमचं बंदर लहान. मासळी, सफरचंदाची दारू आणि गिल्दास या तीन गोष्टींसाठी लोक लांबून यायचे. गिल्दास ऑस्टिओपॅथ, म्हणजे हाडं-सांधे हातांनी सैल करणारे. मोठ्यांच्या पाठीही ते बघत, पण नाव झालं ते न झोपणाऱ्या तान्ह्या बाळांमुळे. मी सोलेन, नऊ वर्षं त्यांची सेक्रेटरी होते. फोन घ्यायचे, तारखा द्यायचे आणि भिंतीवर कार्डं लावायचे. आमच्याकडे बाळ झालं की फोटो आणि नाव छापलेलं कार्ड सगळ्यांना धाडतात. त्यावर "आमच्या लेकराला झोप दिलीत" असं लिहून आया आम्हालाही कार्ड पाठवायच्या. माझ्या टेबलामागची भिंत त्यांनी भरून गेली होती. ज्यांच्या बाळाला गुण आला नाही, ते अर्थातच कार्ड पाठवत नसत. हे मला नऊ वर्षांत एकदाही सुचलं नाही.

गिल्दासचं बोलणं मला पाठ होतं. जन्माच्या वाटेत कवटी दबते, हाडांच्या फटींत ताण अडकतो, बाळ तो ताण रडून सांगतं. "मी काही करत नाही, मी फक्त ऐकतो," असं ते म्हणत, आणि फी मात्र ऐकण्याची घेत. आई ओशाळून विचारायची, "म्हणजे माझ्या बाळंतपणात काही चुकलं का?" ते हळुवार हसून म्हणत, "तुमचा दोष नाही, शरीर लक्षात ठेवतं एवढंच." बाई दोष घेऊनच घरी जायची. जाताना मी तिच्या हातात छापील चिठ्ठी द्यायचे. तीन दिवस आंघोळ नको, बाळ गुंडाळून उबेत ठेवा, उगाच उघडं करू नका, उपचाराचा प्रवाह मोडतो. आणि या तीन दिवसांत रडणं वाढलं तर घाबरू नका, ताण बाहेर पडतोय.

आता युक्ती बघा. बाळ शांत झालं तर गुण आला. जास्त रडलं तरी गुणच येतोय. हरायला कुठे वावच ठेवला नव्हता. पण गिल्दास लबाड नव्हते हो, तीच तर पंचाईत. त्यांचा स्वतःच्या हातांवर मनापासून विश्वास होता. लबाड माणूस निदान कधीतरी चाचरतो.

एका ऑक्टोबरात ते सफरचंदं उतरवताना शिडीवरून पडले आणि मनगट मोडून घेतलं. सहा आठवडे दवाखाना बंद. मी एकेका आईला फोन करून तारीख रद्द करायला बसले. शिव्या खाव्या लागतील अशी तयारी ठेवली होती. पहिलीनं दिलगिरीच्या सुरात सांगितलं की मीच फोन करणार होते, गेल्या आठवड्यापासून तो झोपायला लागलाय. दुसरीही तेच म्हणाली. तिसरी चिडली, पण दोन आठवड्यांनी नवी तारीख द्यायला फोन केला तर म्हणाली, आता राहू द्या. चव्वेचाळीस आयांपैकी नवी तारीख मागणाऱ्या सहाच निघाल्या.

त्यात मालो नावाच्या बाळाच्या आजीचं कार्ड आलं, सोबत घरचा लोण्याचा केक. लिहिलं होतं, "मस्ये केरवेल, तुमच्या हातांनी आमच्या नातवाला झोप दिली." मालोची तारीख मी स्वतः रद्द केली होती आणि आजीला ते कुणी कळवलंच नव्हतं. मला खूप हसू आलं. मी केक खाल्ला आणि ते कार्डही भिंतीवर लावलं.

तेव्हा मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मला कळलं होतं की बाळं त्या हातांशिवायही झोपत होती. बाळंतपण झालं की लोक फोन करायचे आणि मी पाच आठवड्यांनंतरची तारीख द्यायचे, कारण आधी जागाच नसायची. पण मी गप्प बसले. नोकरी चांगली होती, माणसं मान देत होती, आणि कुणाचं काय बिघडत होतं?

बिघडलं ते पुढच्या मार्चमध्ये.

एनोराचा नवरा ट्रॉलरवर होता, तीन आठवडे समुद्रात. घरात ती आणि सहा आठवड्यांची नोलवेन. नोलवेन इतर बाळांसारखीच संध्याकाळी रडायची, आणि इतरांसारखंच जन्मापासून तिचं नाव माझ्या वहीत होतं. तिची तारीख आली सोमवारी दुपारी. त्या दिवशी सकाळपासून पोरगी किंचाळत होती. एनोराचे डोळे सुजले होते, लांब केस कसेबसे बांधलेले. आत जाण्याआधी ती माझ्या टेबलाशी थांबून म्हणाली, "मादाम सोलेन, आजचं रडणं वेगळं आहे."

मी म्हणाले, "सगळ्या आया असंच म्हणतात."

गिल्दासनी डोकं धरलं, उजव्या कानामागे ताण सापडला, वीस मिनिटांनी पोरगी थकून झोपली. मी चिठ्ठी दिली.

मंगळवारी एनोराचा फोन आला. नोलवेन दूधही नीट पीत नव्हती. मी सांगितलं की ताण सुटतोय, आजचा दुसरा दिवस आहे. बुधवारी सकाळी पुन्हा फोन आला, तेव्हा मी म्हणाले, तिसरा दिवस सगळ्यात कठीण असतो, उद्या बघा कशी हसते. हे वाक्य मी शेकडो वेळा म्हटलं असेल. ते म्हणताना मी दुसऱ्या हातानं पाकिटं चिकटवत होते, हे अजून आठवतं.

दुपारी मी जेवायला दार बंद करत होते, तर जिन्यात एनोरा बाळाला घेऊन उभी. गिल्दास जेवायला गेले होते. तिला दोन वाजता माता-बाल केंद्रात वजनाला जायचं होतं आणि चालायची ताकद उरली नव्हती. मला दया आली. म्हटलं, चल, मी सोडते गाडीनं.

केंद्रातली परिचारिका ओदिल म्हणजे खडूस बाई. तीस वर्षं तिनं बंदरातली पोरं तोलली होती. आमची पत्रकं तिनं कधी भिंतीला लागू दिली नाहीत, म्हणून माझं तिच्याशी फारसं जमायचं नाही. तिनं बाळाचं रडणं ऐकलं आणि नाव विचारायच्या आत म्हणाली, "कपडे काढा."

एनोरानं माझ्याकडे पाहिलं. मीच पुढे झाले. ओदिलला सांगितलं की सोमवारी उपचार झालाय, तीन दिवस उघडं करायचं नाही, कपड्यांसकट तोला आणि कपड्यांचं वजन वजा करा. हे मी केलं. बाळाच्या आणि तिच्या मधे मी उभी राहिले.

ओदिल म्हणाली, "इथे बाळ काट्यावर उघडंच जातं. आधी अख्खं बाळ बघायचं, मग तोंड उघडायचं. सर बाजूला."

तिनं झबलं काढलं, लंगोट काढला. आत नोलवेनच्या आजीनं विणलेले लोकरी मोजे होते. उजवा निघाला. डावा काढताना पोरीनं असा सूर लावला की एनोरानं कान झाकले. डाव्या पायाचं दुसरं बोट जांभळं होऊन टम्म फुगलं होतं. मुळाशी खोल चर पडला होता, जोडवं रुतावं तसा. ओदिलनं भिंग घेतलं, दिवा ओढला आणि वाकून बराच वेळ पाहिलं.

"केस आहे," ती म्हणाली. "बाईचा लांब केस. मोज्यात अडकून आला आणि बोटाला फास बसला."

शहरातल्या इस्पितळापर्यंत गाडी मीच चालवली. ओदिलही सोबत आली. मागे एनोरा तिला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती, बोट राहील ना? ओदिल खोटं बोलली नाही. म्हणाली, आणखी एक दिवस गेला असता तर सांगता आलं नसतं, आता बघू. माझ्या डोक्यात फक्त एक हिशेब चालला होता. मी सांगितलेला 'उद्या' म्हणजेच तो आणखी एक दिवस.

डॉक्टरांनी केस कापला. बोट वाचलं. तासाभरात नोलवेन गाढ झोपली, आणि कुणी तिच्या डोक्याला हात लावला नव्हता.

एनोरा बाळापाशी इस्पितळातच थांबली. परत येताना ओदिल माझ्या शेजारी बसली होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं शांतपणे सांगितलं की तान्ह्या बाळाचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्याच्या आसपास टोकाला पोचतं, मग आपोआप उतरतं आणि तीन-चार महिन्यांत निवळतं. आई तुमच्याकडे पोचते ती रडणं टोकावर असताना. त्यानंतर तिनं डोकं दाबून घेतलं काय किंवा दारात झाडू उलटा ठेवला काय, उतार लागणारच. ज्या चाचण्यांत आईबापांना बाळावर उपचार झाला की नाही हे कळूच दिलं नाही, त्यांत हा गुण जवळजवळ दिसेनासा होतो.

"तुमचा तो हातगुण गिल्दासच्या हातात नव्हता, सोलेन," ती म्हणाली. "तो तुझ्या तारखांच्या वहीत होता."

मी दुसऱ्या दिवशी ती वही गिल्दाससमोर ठेवली. चव्वेचाळीस नावं, तुटलेलं मनगट, मालोच्या आजीचं कार्ड. नोलवेनच्या बोटाचं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "मी डोक्याशी होतो गं. पायाकडे कसं बघणार?" मग वही मिटून म्हणाले, "माझ्या हातांना जे जाणवतं ते जाणवतंच." मी चावी टेबलावर ठेवून निघाले. ते अजूनही काम करतात. शनिवारी जिन्यात अजूनही रांग असते.

नोलवेन आता पाच वर्षांची आहे. उन्हाळ्यात धक्क्यावर अनवाणी फिरते आणि दिसेल त्याला डावा पाय पुढे करून बोटाभोवतीची पांढरी रेघ दाखवते. ही माझी अंगठी, म्हणते. दर वाढदिवसाला एनोरा मला कार्ड पाठवते, फोटो छापलेलं. दरवर्षी त्यावर एकच वाक्य असतं: "तुम्ही त्या दिवशी गाडीतून नेलंत, म्हणून माझ्या लेकीचं बोट राहिलं."

बघा, पुन्हा तेच. जो शेजारी उभा दिसतो, त्याला गुणाचं श्रेय मिळतं. मालोच्या आजीनं गिल्दासला दिलं, एनोरा मला देते. ओदिलला कुणी कार्ड पाठवत नाही.

पाच वर्षं मी ती कार्डं खणात ठेवत आले आणि एनोराला खरं सांगितलं नाही. या वर्षीचं कार्ड काल आलं. म्हणून हे लिहून काढलं. छापायला देण्याआधी एक प्रत तिच्या दारातून आत सरकवणार आहे. एनोरा, तू सोमवारीच सांगितलं होतंस की हे रडणं वेगळं आहे. तुझं बरोबर होतं. तुला तीन दिवस गप्प बसवलं ते मी.

आणि तुम्ही, जे हे वाचताय. बाळ रडतं, बहुतेक बाळं रडतात, आणि बहुतेकांना काळाशिवाय दुसरं औषध लागत नाही. तोवर बाळाला आळीपाळीनं घ्या आणि आईला झोपू द्या. पण रडणं वेगळं वाटलं तर कुणाच्या हातगुणाची तारीख घेऊ नका. डॉक्टरकडे न्या. आणि त्याआधी बाळाचे मोजे काढा.