शोकेसमध्ये न लावलेले फोटो

सोलापुरातल्या चाटी गल्लीच्या तोंडाशी सोनाबाईंचा फोटो स्टुडिओ होता. नवरा महिपती ऐन तिशीत गेला तेव्हा दिराने कॅमेरा विकायचा घाट घातला होता. सोनाबाईंनी तो हाणून पाडला. डार्करूममध्ये नवऱ्याच्या हाताखाली त्या सगळं शिकल्या होत्या. पाटीवर नाव त्याचंच राहू दिलं, खाली फक्त एक ओळ वाढवली : 'बायकांचे फोटो बाई काढते.'

हळूहळू शहरातल्याच काय, खेड्यांतल्या बायकाही येऊ लागल्या. पडद्याआड पदर सारखा करून खुर्चीवर टेकायच्या आणि जाताना हमखास विचारायच्या, "बाहेर काचेत तर लावणार नाही ना?"

"नाही लावणार," सोनाबाई सांगायच्या. आणि खरोखरच शोकेसमध्ये कायम पैलवान, नवरदेव आणि गुटगुटीत बाळं. बाई एकही नाही.

पंचाहत्तर साल महिला वर्ष म्हणून साजरं होत होतं. डोळे अधू झाल्यामुळे सोनाबाईंनी काम थांबवलं होतं. अशात एका दुपारी शिवलीला आली. ही गावातल्या एका दैनिकासाठी फोटो काढणारी तरुण मुलगी. मुलींच्या शाळेच्या हॉलमध्ये तिला बायकांनी काढलेल्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं होतं.

"माझे आत्ताचे, तुमचे पूर्वीचे. तुमच्याशिवाय मजा नाही, काकू."

सोनाबाई मनातून हरखल्या. दोघींनी मिळून ट्रंक उपसली. शिवलीलाचा हात एका फोटोवर थांबला. पदर खांद्यावर घसरलेला, मान मागे टाकून एक तरुण बाई मनमोकळी हसत होती.

"ही कोण?"

"वळसंगची मायाक्का. धनगराची. घोंगड्या विकायला आली होती, तशीच एकटी आत शिरली."

"हा मधोमध लावायचा!"

"तिला विचारून. सगळ्यांनाच विचारून. शब्द दिलाय मी."

"काकू, किती वर्षं झाली त्याला!"

"शब्द जुना होतो होय गं?"

मग सोनाबाई दारोदार फिरल्या. कुणी आनंदाने हो म्हणालं, कुणी सुनेच्या तोंडाकडे बघून नको म्हणालं. नकार आलेले फोटो त्यांनी मुकाट्याने ट्रंकेत परत ठेवले. शेवटी शिवलीलाला घेऊन त्या एसटीने वळसंगला गेल्या.

मायाक्का दारातल्या लिंबाखाली लोकर पिंजत बसली होती. केस पिकलेले, अंगाने वाळलेली.

"सोलापूरची फोटोवाली बाई न्हवं का तुमी?" तिने लगेच ओळखलं.

फोटो हातात घेऊन ती आधी हसली. मग त्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"हा काडला तवा माजा धुळा पोटात हुता," ती हळूच म्हणाली. "कुणालाच ठावं नव्हतं. घरच्यास्नीबी न्हाय. मलाच तेवढं. म्हनून हसू आवरंना."

"प्रदर्शनात लावू का गं?" सोनाबाईंनी विचारलं.

"नगं, बाई. ते हसू माज्या एकलीपुरतं."

शिवलीला काहीतरी बोलायला गेली, तर सोनाबाईंनी तिचा हात दाबला. फोटो त्यांनी मायाक्काच्याच ओटीत ठेवला. जड गेलं, पण ठेवला.

चहा झाल्यावर मायाक्का म्हणाली, "आताचा काडा की. म्हातारीला आता कुनाची चोरी?"

"मी सोडलंय गं. दिसत नाही नीट."

शिवलीलाने गळ्यातला कॅमेरा काढून पुढे केला. "फोकस मी बघते, काकू. खटका तुम्ही दाबा."

सोनाबाईंचं बोट खटक्यावर टेकलं. मायाक्का आधी काठीसारखी ताठ बसली. सोनाबाई नुसत्या थांबल्या. तेवढ्यात एका कोकराने पिंजलेल्या लोकरीत तोंड घातलं, मायाक्का "आरं हाड, मुडद्या!" म्हणून हात उगारून वळली, आणि सोनाबाईंनी खटका दाबला.

प्रदर्शनाला गर्दी झाली. हॉलच्या मधोमध मायाक्काचा तोच लिंबाखालचा फोटो होता, खाली सोनाबाई आणि शिवलीला दोघींची नावं. पाटीवर कधी न आलेलं स्वतःचं नाव सोनाबाईंनी दोनदा जवळ जाऊन वाचलं. मायाक्का मुलाला घेऊन आली होती. धुळा फोटोसमोर उभा राहून म्हणाला, "आये, ह्यात कुनावर वरडतीयास गं?" भोवतालच्या बायका खळखळून हसल्या. मायाक्का ऐटीत सांगत सुटली, "ह्या बाईनं काडला. ह्याच त्या."

संध्याकाळी हॉल रिकामा झाला. दिवसभर आपल्याच फोटोंपाशी उभ्या असलेल्या सोनाबाई आता शिवलीलाच्या भिंतीकडे गेल्या. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांचा एक फोटो होता. चष्मा वर-खाली करत त्यांनी तो न्याहाळला.

"डावीकडून उजेड जास्त झालाय."

"हो, चुकलंच ते," शिवलीला म्हणाली.

"पण ही बघ कशी थेट बघतेय. बसलेल्या जागेवरून, हातोडा न सोडता." सोनाबाई फोटोच्या आणखी जवळ गेल्या. "माझ्याकडे यायच्या त्या नटून यायच्या. कामावरची बाई मी कधी काढलीच नाही. असा विचारच आला नाही मनात."

शिवलीलाने त्यांच्यासाठी खुर्ची ओढून आणली.

"आता ह्याच्या पलीकडचा सांग," सोनाबाई बसत म्हणाल्या. "हा कुठला?"