एक नंबर

नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या त्या लॅपटॉपच्या दुकानात नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं येऊन गेली होती. स्वस्तातला मागणारी, गेम खेळायचा मागणारी, पोराच्या अभ्यासासाठी म्हणून स्वतःसाठी घेणारी. पण एका कंपनीवर बोट ठेवून, हिच्यातला लवकर बिघडेल असा दाखवा, म्हणणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच उभं राहिलं होतं. काउंटरवरच्या माणसाला वाटलं, आपल्या ऐकण्यातच काही चूक झाली. त्यानं परत विचारलं. मोतीराम बोरस्त्यांनी तितक्याच गंभीरपणे परत तेच सांगितलं.

या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे का, अशी शंका कुणालाही येईल. डोकं ठिकाणावर होतं. ठिकाणावर नव्हतं ते मन, आणि ते पुण्यात होतं.

मोतीरामांना घरीदारी सगळे आप्पा म्हणायचे. त्यांची एकुलती एक मुलगी निकिता पुण्यात राहायची. दोनेक वर्षांपूर्वी तिनं दुसऱ्या जातीतल्या अमितशी रजिस्टर लग्न केलं आणि त्याच संध्याकाळी स्वतः फोन करून आप्पांना सांगितलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, या नंबरवर पुन्हा फोन करायचा नाही. रागात माणूस बोलून जातो. चार दिवसांनी पोरगी रडत फोन करील, आपण आठवडाभर ताणून धरू आणि मग हळूच सैल सोडू, असा त्यांचा आपला अंदाज. पण पोरगी बोरस्त्यांची. जन्मात बापाचा एक शब्द न ऐकलेल्या निकितानं हा शब्द मात्र तंतोतंत पाळला. फोन आला नाही तो आलाच नाही, आणि आपण होऊन करायचा तर आप्पांचा ताठा आडवा यायचा.

आईला मात्र ती नेमानं फोन करायची. सविताबाई तो स्वयंपाकघरात घ्यायच्या. बाहेर आप्पा टीव्हीचा आवाज बारीक करून कान तिकडे लावायचे, आणि टीव्ही बारीक झाला की सविताबाई आत नळ सोडायच्या. ऐकायचं असेल तर आत या आणि बोला, हे न बोलता सांगायची त्यांची ती रीत होती. आप्पांना ती पुरेपूर कळायची. ते उठून गॅलरीत जायचे आणि उगीच कुंड्यांची माती उकरत बसायचे.

एक दिवस नळाला पाणी नव्हतं. त्या दिवशी आप्पांच्या कानावर एवढं पडलं, की निकिताला नोकरी लागली आहे. लॅपटॉपच्या कंपनीत, लोकांच्या तक्रारी फोनवर घ्यायच्या, मराठीतून. कंपनीचं नाव कुकरच्या शिट्टीत बुडालं.

नाव बायकोला विचारावं तर इतक्या दिवसांचा ताठा एका वाक्यात जमीनदोस्त. म्हणून आप्पांनी स्वतःच शोध मांडला. ओझरच्या विमान कारखान्यात हयात गेलेला माणूस म्हणजे यंत्रातला दर्दी असणारच, अशी अमृतधामातल्या त्यांच्या कॉलनीची जुनी समजूत होती. खरं तर आप्पा स्टोअर्समध्ये होते आणि विमानं त्यांनी लांबूनच पाहिली होती. पण ती समजूत त्यांनी कधी मोडली नाही आणि आता तर ती कामालाच आली. कुणाचाही लॅपटॉप आजारी पडला की आप्पा दारात हजर. वॉरंटी आहे ना, मग मी लावतो कंपनीला फोन, म्हणायचे. लॅपटॉप पालथा घालायचा, पाठीवरचा बारीक नंबर भिंगातून वाचायचा आणि फोन कानाला लावून बसायचं. लोकांना वाटायचं, रिटायर झाल्यावर माणूस काय सेवाभावी झाला बघा.

बघता बघता आप्पांना सगळ्या कंपन्यांची कुंडली तोंडपाठ झाली. एकीचा माल दणकट, पण फोन उचलायला माणूसच नाही. यंत्र बोलणार, तेही इंग्रजीत, आणि काहीही दाबलं तरी फिरवून पहिल्या जागी आणून सोडणार. दुसरीची माणसं गोड बोलतात, पण हिंदीत, आणि त्यांचा इंजिनिअर उद्या येतो म्हणाला की तो उद्या काही उजाडत नाही. तिसरीचा लॅपटॉप म्हणजे आनंदीआनंद. वर्ष सरायच्या आत बिजागरी निखळते, पंखा घरघरतो. पण फोन लावला की मराठीसाठी तीन दाबा म्हणतात, तीन दाबलं की जिवंत माणूस बोलतं आणि सांगितल्या दिवशी इंजिनिअर घरी येतो. कॉलनीत कुणी सल्ला विचारला तर आप्पा बेलाशक तिसरी कंपनी सांगायचे. अहो, पण तो बिघडतो ना, असं लोक म्हणायचे. त्यावर आप्पांचं ठरलेलं उत्तर होतं, की न बिघडणारा घेऊन काय करता, मग बोलणार कुणाशी? लोक हसायचे. आप्पा हसत नसत.

शेजारच्या महेशच्या लॅपटॉपची बिजागरी तुटली, तेव्हा आप्पांनी त्या तिसऱ्या कंपनीला नेहमीसारखा फोन लावला. तीन दाबलं. थोडा वेळ नुसतं संगीत वाजलं आणि मग आवाज आला.

"नमस्कार, मी निकिता बोलतेय. मी आपली काय मदत करू शकते, सर?"

ज्या आवाजासाठी इतके दिवस नळ बंद व्हायची वाट पाहिली, तो असा सरळ कानात. जरा बारीक झालाय का हा? दमलीय का? की फोनमुळे तसं वाटतंय?

"सर, माझा आवाज येतोय का?"

"येतोय," आप्पा म्हणाले. "चांगला येतोय."

नंतर तिनं नाव विचारलं. लेकीनं बापाला नाव विचारलं आणि बापानं पूर्ण नाव सांगितलं. कीबोर्डची टकटक थांबली आणि पुन्हा सुरू झाली. बोलणं रेकॉर्ड होतंय, हे यंत्रानं सुरुवातीलाच बजावलेलं. तिची नोकरी नवी, आणि यांच्या अंगात हिंमत नाही. दोघं बिजागरीबद्दल बोलली. डावी की उजवी, कुठं आपटला होता का, झाकण पूर्ण मिटतं का. बिजागरीबद्दल इतक्या मायेनं जगात कुणी बोललं नसेल. ती सर म्हणत होती, ते मॅडम म्हणत होते. आणखी काही मदत हवी आहे का, असं तिनं शेवटी विचारलं, तेव्हा आप्पांना पुष्कळ काही हवं होतं. जेवलीस का, विचारायचं होतं. अमित नीट वागतो ना, विचारायचं होतं. त्यांनी नाही म्हटलं.

फोन संपता संपता यंत्र बोललं, की आमची सेवा कशी वाटली ते एक ते पाचमधला आकडा दाबून कळवा. कुठल्या आकड्याचा काय अर्थ, हेही ते पुढे सांगत होतं, पण तेवढं ऐकायला आप्पा थांबतात कशाला? त्यांच्याच काय, अख्ख्या नाशिकच्या तोंडी चांगल्या गोष्टीला एक शब्द ठरलेला आहे. मिसळ जमली की एक नंबर. द्राक्ष गोड निघालं की एक नंबर. पोरीनं इतकं शांतपणे, इतकं नीट काम केलेलं. आप्पांचा ऊर भरून आला आणि त्यांनी अंगठ्यानं चांगला जोर लावून एक दाबला. कंपनीच्या लेखी एक म्हणजे सगळ्यांत टाकाऊ, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

महेशची बिजागरी लगेच बसवून मिळाली. सेवा उत्तम असली की तक्रार टिकत नाही, ही मोठीच अडचण. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर किती दिवस काढणार, म्हणून आप्पा एम. जी. रोडवर गेले आणि दुकानदाराचं डोकं फिरवून त्या कंपनीचा एक लॅपटॉप स्वतःसाठी घेऊन आले. नशीब असं खट्याळ, की हा बिघडेचना. आप्पा रोज सकाळी मोठ्या आशेनं झाकण उघडायचे आणि तो मुकाट्यानं सुरू व्हायचा. शेवटी त्यांनी आजार बनवायला घेतले. पंखा गुणगुणतो. 'ळ' नीट उमटत नाही. मांडीवर घेतला की गरम लागतो. सविताबाई हे सगळं बघत होत्या आणि नवऱ्याला म्हातारपणी कसलं वेड लागलंय, एवढंच समजत होत्या.

प्रत्येक फोनला निकिता भेटायचीच असं नाही. दुसऱ्या कुणाचा आवाज आला की आप्पा फोन ठेवायचे आणि परत लावायचे. कधीतरी नशीब उघडायचं. तिचा आवाज दर वेळी आधीपेक्षा कोरडा येतोय, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. दिवसभर लोकांची कटकट ऐकून पोरगी थकत असेल, असं त्यांनी गृहीत धरलं, आणि तेवढं तरी तिला बरं वाटावं म्हणून दर वेळी आठवणीनं एक दाबला.

मग ती भेटेनाशीच झाली. आप्पांनी धीर करून एकाला विचारलंही, की निकिता मॅडम नाहीत का आज. त्यानं नम्रपणे सांगितलं, की ठरावीक माणसाशी फोन जोडता येत नाही.

त्याच सुमाराला एका संध्याकाळी सविताबाई स्वयंपाकघरातून आल्या त्या डोळे पुसतच. समोर बसल्या आणि कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाल्या, की पोरीची नोकरी काही टिकत नाही. आप्पांच्या तोंडून निसटलं, "का?" लग्नापासून निकिताबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. सविताबाईंनीही तो ऐकून न ऐकल्यासारखा केला आणि सांगितलं, की कुणी एक गिऱ्हाईक हात धुवून तिच्या मागे लागलंय. सारखं तिच्याबद्दल वाईट कळवतं. आता तिला साहेबासमोर उभं केलंय. कोण आहे विचारलं तर नाव सांगत नाही, नुसती रडते.

आप्पांचं रक्त तापलं. कोण हा नालायक? इतक्या गुणी पोरीबद्दल वाईट कळवायला याची जीभ कशी रेटते? ते घरातल्या घरात येरझाऱ्या घालायला लागले. तो माणूस सापडला असता तर त्यांनी त्याच्या दारात जाऊन त्याची सालटी काढली असती. जेवणात लक्ष लागेना. पोरगी तिकडे एकटी रडतेय आणि आपण इथं 'ळ' उमटत नाही म्हणून सांगत बसलो, याची त्यांना शरम वाटली. फोन हातात घेऊन त्यांनी तिचा नंबर काढला. बघितला. आणि मी नको म्हटलं असताना कसा केलात, असं ती म्हणाली तर, या भीतीनं खाली ठेवला. नको तिनं म्हटलंच नव्हतं, त्यांनी म्हटलं होतं. पण भीती काही हिशेब बघत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा जेवून जरा आडवे झाले होते, तेवढ्यात फोन वाजला. नंबर कंपनीचा होता.

"नमस्कार, मी निकिता बोलतेय." आवाजात काही नव्हतं. वाचून दाखवल्यासारखा होता. "सर, आपण आमच्या सेवेवर नाराज आहात. आपल्याला फोन करून कारण विचारायला मला सांगितलंय. कॉल रेकॉर्ड होतोय."

"नाराज? मी कशाला नाराज असंल?"

"तुम्ही दर वेळी एक दिलात, सर."

"दिला की," आप्पा उठून बसले. "आता त्याला कारण काय सांगू? एक नंबर बोलतेस तू. लय शांतपणे बोलतेस. म्हणून एक."

पलीकडे बाकीच्या मुलींचे आवाज ऐकू येत होते.

"एक म्हणजे सगळ्यांत वाईट असतं," ती म्हणाली. "पाच म्हणजे चांगलं."

आप्पांनी फोन घट्ट धरला. काल ज्याची सालटी काढणार होते तो माणूस पलंगावर बनियनवर बसला होता.

"मला वाटलं," ती हळू म्हणाली, "तुम्ही मुद्दाम मला शोधून एक देताय."

"शोधत मुद्दामच होतो गं." आप्पा म्हणाले. "पण त्याच्यासाठी नाय."

कुठंतरी नाक ओढल्याचा आवाज झाला. मग तिनं घसा साफ केला आणि ती पुन्हा कंपनीच्या आवाजात बोलायला लागली. तिच्या मागे कुणीतरी उभं असावं.

"तुमचा गैरसमज झाला होता, असं मी लिहिते, सर. मग तुमची तक्रार बंद करू का मी?"

"बंद केली म्हणजे काय होतं?"

"मग आमच्याकडून तुम्हाला पुन्हा फोन येत नाही."

"आणि नाय केली तर?"

"तर मिटेपर्यंत मलाच दर दोन दिवसांनी फोन करावा लागतो."

सविताबाई फोनचा सूर ऐकून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं, पण उठून गॅलरीत गेले नाहीत.

"मग नको मिटवू," ते म्हणाले. "लय जुनी तक्रार हाय. माझीच हाय. तू आपली करत जा फोन."

"बरं," निकिता म्हणाली. "परवा करते, आप्पा."