बोनेटवरचं कुलूप

मित्रांनो, हडपसरच्या एका सोसायटीत चकचकीत गाड्यांची रांग संपते ना, तिथे कोपऱ्यात उभी असलेली मी एक जुनी पेट्रोलगाडी आहे. माझं बोनेट गोल, दिवे बटबटीत आणि आवाज जरा मोठा. मी तयार झाले तेव्हा गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. पहिल्या मालकांनी मला घरी आणलं तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते. पुढे काळ पालटला. बँका दारात येऊन कर्ज देऊ लागल्या, नव्या तऱ्हेच्या गाड्या रस्त्यावर आल्या आणि मला बघून लोक हसू लागले.

अशा दिवसांत मला वैजनाथरावांनी घेतलं. परभणीकडून कारखान्यातल्या नोकरीसाठी आलेला साधा माणूस, पण माझ्यावर त्यांचा भारी जीव. सुट्टीच्या दिवशी ते माझे प्लग काढून पुसायचे आणि द्वारकाबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, दाखवायचे.

"हे बघ, टोक बिस्किटासारखं तपकिरी दिसलं की समजायचं, पोरगी खुशीत आहे. काळं पडलं तर पेट्रोल जास्त पितेय. पांढरं पडलं तर आतून तापतेय."

प्लग म्हणजे बोटाएवढी वस्तू. पण माझ्या इंजिनात पेट्रोल पेटतं ते त्याच्याच ठिणगीने. ती चुकली की मी जागची हलत नाही.

वैजनाथराव अचानक गेले. द्वारकाबाईंनी डोळे पुसले आणि त्या गाडी चालवायला शिकल्या. हडपसरला तेव्हा कॉम्प्युटर कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. तिथल्या मुलांना घरचं जेवण हवं होतं. द्वारकाबाई डबे करू लागल्या आणि ते पोचवायचं काम माझ्याकडे आलं. त्यांचे धाकटे दीर आनंद अशाच एका कंपनीत नोकरीला होते. मला बघितलं की ते नाक मुरडत.

"वहिनी, किती दिवस हे ओढणार? सरळ एक्स्चेंजमध्ये द्या. नवी व्हॅन घ्या, लोनचं मी बघतो."

"तुमच्या दादांची गाडी आहे, भाऊजी."

"दादांची आहे म्हणून ती म्हातारी होत नाही का?"

पण मनाने ते वाईट नव्हते. एकदा बुधवार पेठेतून माझ्यासाठी नव्या प्लगांचा संच घेऊन आले. चकचकीत खोका, वर मोठी अक्षरं. जुने प्लग बरेच झिजले होते. द्वारकाबाईंनी ते डब्यात ठेवले आणि नवे बसवले.

आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

सकाळी मी झटक्यात सुरू व्हायची. पण गाव फिरून अंग तापलं की एका प्लगची ठिणगी विझायची, मग दुसऱ्याची. मी आचके देत बंद पडायची. डब्यांच्या फेरीत आनंदरावांची कंपनी शेवटी यायची, त्यामुळे दर वेळी मी नेमकी त्यांच्याच फाटकाशी अडायची. आनंदराव बाहेर येत, माझ्या बोनेटवर हात ठेवून म्हणत, "बघा, मी सांगत होतो. विकून टाका."

थोडा वेळ निवले की मी परत सुरू! बिघाड असा येतो आणि जातो कसा? द्वारकाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. घरून निघताना धडधाकट असलेली गाडी यांच्याच दारात कशी बंद पडते? आपण डबे द्यायला आत जातो तेव्हा गाडीजवळ कोण असतं? प्लग तरी यांनी फुकट का आणून दिले?

मी मुकी साक्षीदार होते. आनंदरावांनी माझ्या एका तारेलाही हात लावला नव्हता. पण सांगणार कशी?

एके दिवशी द्वारकाबाईंनी माझ्या बोनेटला साखळी घालून कुलूप ठोकलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. आनंदरावांनी ते पाहिलं.

"हे कशासाठी, वहिनी?"

"चोर फार झालेत."

"कुठले चोर?"

"जवळचेच."

आनंदरावांचा चेहरा पडला. हातातला आपला डबा तिथेच माझ्या बोनेटवर ठेवून ते आत निघून गेले. त्यांचं घरी येणं थांबलं. द्वारकाबाईंनीही त्यांच्या कंपनीची फेरी सोडली; फेरी आखूड झाली, माझं अंग तापेना, मी बंदही पडेना, आणि त्यांचा संशय पक्का झाला. द्वारकाबाईंची मुलगी सृष्टी विचारायची, "काका का येत नाही गं?" द्वारकाबाई पोळी लाटत राहायच्या.

मग तो दिवस आला. आनंदराव कंपनीच्या कामासाठी बंगळूरला गेले होते. द्वारकाबाई रुळांपलीकडच्या लांबच्या वस्तीतले डबे द्यायला निघाल्या होत्या आणि मी चांगलीच तापले होते. मागे सृष्टी बसली होती. रेल्वे फाटकातून जाताना, अगदी रुळांवर, मी गचकन थांबले. रेल्वे यायची वेळ झाली होती. फाटकवाला हात हलवत ओरडू लागला, "अहो बाई, काढा ती गाडी!"

द्वारकाबाई किल्ली फिरवत होत्या. मी नुसती घरघरत होते. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. "सृष्टी, उतर! पळ पलीकडे!" त्या किंचाळल्या. मागच्या मोटरसायकलवरची मुलं धावली आणि सगळ्यांनी मिळून मला पलीकडे ढकललं. फाटक पडलं. काही वेळाने रेल्वे धडधडत गेली. द्वारकाबाईंनी सृष्टीला घट्ट धरलं होतं.

मग त्यांची नजर कुलुपावर गेली. कुलूप जसंच्या तसं. किल्ली गळ्यात. दीर बंगळूरला.

"म्हणजे कुणीच हात लावला नव्हता," त्या पुटपुटल्या.

घरी आल्या आल्या त्यांनी कुलूप काढलं. एकेक प्लग बाहेर काढला आणि पेट्रोलच्या फडक्याने पुसला. प्लगावरची छापील अक्षरं फडक्याबरोबर निघून आली! जुना प्लग घासला, त्याची अक्षरं ढिम्म हलली नाहीत. नव्याच्या पांढऱ्या चिनीमातीला केसासारखी काळी चीर होती, आणि टोक पांढरंफटक. खोक्यातला माल नकली होता. झिजलेले जुनेच प्लग परत बसवले, तर मी तापूनसुद्धा चालत राहिले.

आनंदराव परतल्यावर द्वारकाबाई त्यांच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, प्लग खोटे निघाले. मी तुमच्यावर उगाच संशय घेतला."

"प्लग मीच आणले होते. म्हणजे चोर मीच ना?"

"तुम्हालाही फसवलंच की दुकानदारानं."

आनंदरावांनी माझ्या बोनेटकडे पाहिलं. मग म्हणाले, "गाडी विकावी असं मला वाटत होतं, हे खरंय. पण दादाच्या गाडीत मी खोड्या करीन, असं तुम्हाला वाटलंच कसं?"

द्वारकाबाईंनी माझं दार उघडलं. त्या एवढंच म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर. नवे प्लग घ्यायचेत."

बुधवार पेठेत या वेळी त्यांनी दुसरं दुकान गाठलं. जुना प्लग समोर ठेवून त्याच्यावरचा नंबर जुळवला, आटे बोटाने चाचपले, टोकाची फट पाहिली, अक्षरं नखाने खरवडली, पक्कं बिल मागितलं. दुकानदार वैतागला.

"बाई, प्लग घ्यायचाय की सोयरीक जुळवायचीय?"

"दोन्हीत फसलं की नंतर ढकलत बसावं लागतं," द्वारकाबाई म्हणाल्या.

आनंदरावांना हसू आवरलं नाही. पण घरी आल्यावर बोनेट उघडलं, तेव्हा ते हात मागे बांधून लांब उभे राहिले.

"तुम्हीच बसवा, वहिनी. उद्या परत काही झालं तर?"

द्वारकाबाईंनी पाना त्यांच्या हातात दिला आणि त्या सृष्टीला घेऊन घरात निघून गेल्या. आनंदरावांनी आधी हाताने, हळूहळू, आटे एकमेकांवर न चढू देता एकेक प्लग फिरवला आणि मग पान्याने आवळला. मी एका किल्लीत सुरू झाले.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादं जुनं यंत्र असेल. त्याला खरा, योग्य नंबरचा सुटा भाग द्या. ते अडलं तर संशय जरूर घ्या, पण आधी त्या भागावर घ्या. तो उघडून, पुसून, नीट बघा. माणसाकडे बोट दाखवायची घाई करू नका. माझे प्लग त्या संध्याकाळीच बदलून झाले होते. पण आनंदराव पुन्हा दारातूनच "वहिनी, भूक लागलीय!" असं पूर्वीसारखं ओरडत घरात शिरले, तोवर कितीतरी महिने जाऊन दिवाळी उजाडली होती.