झाकणाच्या आतल्या बाजूला

कोणीच काही बोलत नव्हतं. स्वयंपाकघरामागच्या अरुंद बाल्कनीत तीन माणसं दाटीवाटीने उभी होती आणि भिंतीला पाठ टेकून चौथा तो गीझर, पांढराशुभ्र, साळसूद, जणू ही भानगड शेजाऱ्याच्या घरची असावी. नळाच्या तोंडाशी आलेला एक थेंब कितीतरी वेळ पडू की नको असं करत लोंबत राहिला. तो पडल्यावर बाईंनी आपला प्रश्न दुसऱ्यांदा विचारला.

"मी विचारलं, हा बसवला कुणी?"

ही शांतता खरं तर गीझर दुरुस्त करायला आलेल्या भिंगरीनेच ओढवून घेतली होती. पाच मिनिटांपूर्वी तिने बॅटरी घेऊन गीझरखाली मान घातली आणि बाई पाठीशी आहेत याचं भान न ठेवता खणखणीत आवाजात जाहीर केलं, की ज्याने हे काम केलं त्याच्या हातात पाना नाही, खुळखुळा द्यायला हवा होता.

तिचं चुकलं नव्हतं. हा गीझर टाकी नसलेला. याच्या पोटात पाणी मुक्कामाला थांबत नाही. तांब्याच्या नागमोडी नळीतून ज्योतीवरून धावत जातं आणि धावता धावताच तापतं. पण या भागातलं पाणी जड. दिसायला काचेसारखं नितळ, आणि पोटात दगड. बादलीच्या काठावर, नळाच्या मानेवर ते आपली पांढरी सही ठेवून जातं, तशीच त्या नळीच्या आतही रोज एक अदृश्य पापुद्रा ठेवून जातं. म्हणून वर्षातून एकदा गीझरचं पाणी तोडायचं, खाली दोन रबरी नळ्या जोडायच्या, आणि छोट्या पंपाने तासभर पांढरं व्हिनेगर आतून फिरवायचं. या सगळ्यासाठी गीझरखाली दोन व्हॉल्व्ह लागतात. बाईंच्या गीझरखाली व्हॉल्व्ह नव्हते. दोन देखणे, सरळसोट तांब्याचे पाइप थेट भिंतीत शिरले होते. सहा वर्षांत बिचाऱ्याने एकदाही चूळ भरली नव्हती. परिणामी गेल्या महिनाभर बाईंच्या आंघोळीत उन्हाळा आणि हिवाळा मिनिटामिनिटाला आलटून पालटून येत होते.

बाई म्हणजे न्यायालयातल्या निवृत्त लघुलेखिका आणि या इमारतीच्या सेक्रेटरी. चाळीस वर्षं त्यांनी माणसांच्या साक्षी उतरवून घेतल्या होत्या, आणि निवृत्तीनंतरही हाताची सवय गेली नव्हती. कंबरेशी कायम एक वही. इमारतीत चोवीस घरं, चोवीस गीझर. त्यांची दरसालची देखभाल कुणाकडे द्यायची हे आजच्या कामावरून ठरणार होतं, असं त्यांनी दारातच सांगितलं होतं. आणि आता, व्हॉल्व्हची कथा ऐकल्यावर, त्यात एक कलम वाढवलं होतं: ज्याने हा बसवला, तो या फाटकातून आत येणार नाही.

"मीच," मिस्त्री म्हणाले.

भिंगरीने वळून वडिलांकडे पाहिलं. ते भिंतीकडे पाहत होते.

मिस्त्रींना सगळेच मिस्त्री म्हणत, भिंगरीची आईसुद्धा. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर तीन महिन्यांपूर्वी त्यांनी धंदा मुलीच्या हाती दिला होता. दुकानावरची पाटी बदलली होती. हे चोवीस गीझर मिळाले असते, तर ते तिने स्वतःच्या नावावर मिळवलेलं पहिलं मोठं काम ठरलं असतं. आणि आज सकाळी, न बोलावता, मिस्त्री तिच्या आधी गाडीत जाऊन बसले होते. बाईंच्या इमारतीचं नाव ऐकल्यापासून त्यांना चैन नव्हतं. गुडघ्याचं काय, असं तिने विचारलं, तर म्हणाले, गुडघे घरी ठेवून आलोय.

बाईंनी वहीत काहीतरी खरडलं, मिस्त्रींकडे चष्म्यावरून एक दीर्घ नजर टाकली, आणि आधी दुरुस्ती होऊ द्या, उरलेलं नंतर, असं म्हणून आतल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. त्या खुर्चीवरून बाल्कनी अर्धीच दिसत होती. ऐकू मात्र पूर्ण येत होती.

भिंगरीने खालच्या आवाजात विचारलं, की हे खरं का. मिस्त्री म्हणाले, त्या उन्हाळ्यात कामं फार होती, घाई झाली असेल, माणूस आहे. तिला राग आला, आणि रागाखाली काहीतरी हळूच निसटलं. ज्या माणसाने तिला पाना धरायला शिकवण्याआधी एक वाक्य शिकवलं होतं, की गीझर बसवणं सोपं असतं, तो पुन्हा उघडता येईल असा बसवणं म्हणजे काम, त्याच माणसाने हे असं भिंतीत चिणलं होतं. लहानपणी समुद्र पहिल्यांदा पाहिल्यावर तो इतकाच का, असं वाटावं, तसं तिला वाटलं.

तिने मुकाट्याने गॅस बंद केला, घराचं पाणी तोडलं आणि कटर फिरवला. पाइप कापले गेले. कापलेल्या तोंडांत आतून पांढरं कडं होतं. पाइपांची टोकं घासायला तिने पॉलिश पेपर मागितला. मिस्त्रींनी तो शर्टाच्या खिशातून काढला, मधोमध फाडला, अर्धा तिला दिला आणि अर्धा पुन्हा खिशात ठेवला. पॉलिश पेपर पेटीत असतो, खिशात नाही. पण तिला तेव्हा ते खटकलं नाही. तिने नवे व्हॉल्व्ह बसवून सांध्यांना डाख दिला, नळ्या जोडल्या, बादलीत व्हिनेगर ओतलं आणि पंप सुरू केला. मुठीएवढा तो पंप मांजरासारखा गुरगुरू लागला.

आता तासभर थांबायचं. या धंद्यातला हा तास मोठा विचित्र. काम चालू असतं आणि हात रिकामे असतात. परक्या घराच्या गाभ्यात उभं राहून माणसाने करायचं काय? बहुतेक वेळा माणूस बोलतो. मिस्त्री मात्र झाकणाभोवती घुटमळत होते. दोनदा त्यांनी झाकणाचा स्क्रू चाचपला, दोनदा तिने त्यांना स्टुलावर नेऊन बसवलं. तिसऱ्यांदा ती वैतागून म्हणाली, की आता धंदा कुणाचा आहे ते एकदा ठरवून टाकू. मिस्त्री बसले, पण माणूस एका रांगेत उभा असताना जसा शेजारच्या रांगेकडे पाहतो, तसे झाकणाकडे पाहत बसले.

बाईंचं मन जरा निवावं म्हणून भिंगरीने आपली आवडती गोष्ट काढली. याच इमारतीत तिने आयुष्यातला पहिला गीझर बसवला होता. भिंती तेव्हा ओल्या होत्या, दारांना क्रमांक नव्हते, सगळी घरं एकासारखी एक. तिसऱ्या मजल्यावर, याच बाजूला. सहा वर्षं ती या रस्त्याने जाताना त्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे मान वर करून पाहत आली होती, आणि त्या गीझरची एकही तक्रार कधी आली नव्हती.

आतून बाईंचा आवाज आला. तक्रार कशी येईल, त्या घरात गेली सहा वर्षं कोणी राहिलेलंच नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि बाईंनी नोंद दुरुस्त करावी तशा कोरड्या सुरात सांगितलं, की शिवाय तेव्हाचा तिसरा तो आजचा तिसरा नव्हे. कामगार गाड्यांच्या जागेला पहिला मजला म्हणत. त्या एका गोंधळापायी तीन सामानाचे ट्रक भलत्या मजल्यावर रिकामे झाले होते. सगळा पत्रव्यवहार त्यांच्याकडे होता.

भिंगरीने मनातल्या मनात बोटं मोजली. गाड्यांचा पहिला. त्यावरचा दुसरा. त्यावरचा तिसरा, म्हणजे आजचा दुसरा.

ती आत्ता त्यावरच उभी होती.

तिने स्क्रूड्रायव्हर उचलला. कशाला उघडतेस, मिस्त्री म्हणाले, पंप चाललाय की झकास. हे वाक्य त्यांच्या तोंडचं नव्हतंच. मिस्त्री बंद पडलेलं घड्याळ दिसलं तरी उघडून पाहणारे. चार स्क्रू निघाले, झाकण तिच्या हातात आलं आणि तिने ते उलटं केलं.

मिस्त्रींची जुनी रीत होती. गीझर बसवला की झाकणाच्या आतल्या बाजूला सुताराच्या जाड पेन्सिलीने तारीख घालायची आणि आपली खूण, एक छोटं वर्तुळ. गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नाही. दिसतं ते फक्त पुढच्या कारागिराला. या झाकणावर तारखेखाली मोठ्या, उतावळ्या अक्षरांत लिहिलं होतं: आज मी एकटीने. भिंगरी. त्याखाली दोन रेघा. आणि रेघांच्याही खाली, कोपऱ्यात, बारीक गोल अक्षरात एकच शब्द: तपासले. शेजारी वर्तुळ.

तो दिवस तिला एकदम सगळाच्या सगळा आठवला. खोक्यात उरलेले ते दोन पितळी तुकडे, जे तिला जास्तीचे वाटले होते. त्यांच्याशिवाय पाइप किती सरळ, किती सुंदर दिसत होते ते. गरम पाणी आल्यावर तिने नळ वीस वेळा उघडला होता, वीस वेळा बंद केला होता, आणि वडिलांचा हात धरून पाण्याखाली नेला होता.

मिस्त्री स्टुलावरून उठले होते. पॉलिश पेपरचा उरलेला अर्धा तुकडा त्यांच्या बोटांत होता. ते इतक्या हळू बोलले, की पंपाच्या गुरगुरण्यात ते जवळजवळ विरघळलंच.

"झाकण लाव. मी म्हटलंय ना, मी. माझं आता काय जातंय?"

खरंच त्यांचं काही जाणार नव्हतं. फाटकातून आत यायला त्यांना कारण उरलं नव्हतं. तिने नुसतं गप्प बसायचं होतं. दोन मिनिटं घासायचं होतं. चोवीस गीझर तिचे होते. बादलीत परत येणाऱ्या धारेतून पांढरे कण पडत होते, सहा वर्षं आत चिकटून बसलेले, आता एकेक करून सुटणारे. भिंगरी त्यांच्याकडे क्षणभर पाहत राहिली.

"बाई," तिने हाक मारली, "मघाचं खोडा. हा मी बसवला."

बाई आल्या. त्यांनी झाकण हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि दोन्ही हस्ताक्षरं सावकाश वाचली. मग वही उघडून दाखवली.

"तुझ्या वडिलांचं मी पेन्सिलीनेच लिहिलं होतं. खरं बोलणारा माणूस भिंतीकडे बघून बोलत नाही. मघाचं ते खुळखुळ्याचं मात्र पेनने आहे, ते राहू दे."

भिंगरीला हसावं की जमिनीत जावं ते कळेना. मिस्त्रींनी मात्र तेवढ्यात खोकला काढला, आणि तो खोकला संशयास्पदरीत्या हसण्यासारखा होता. बाई पुढे म्हणाल्या, की अडचण अशी आहे, एकीने केलं आणि एकाने तपासलं, तेव्हा नियमाप्रमाणे दोघांनाही फाटकाबाहेर ठेवावं लागेल, आणि मग तेवीस गीझरांना चूळ भरायला लावणार कोण? तेव्हा त्यांनी नियमाला पुरवणी जोडली. उद्या सकाळी नऊला यायचं. तेवीसच्या तेवीस झाकणं त्यांच्यासमोर उघडायची. जिथे व्हॉल्व्ह नसतील तिथे बसवायचे, कुणी कुणाची सही न घासता. त्यानंतर देखभालीचा कागद. हे सगळं त्यांनी पेनने लिहिलं, आणि खाली भिंगरीला सही करायला लावली.

तास भरला. भिंगरीने नळ्या काढल्या, साध्या पाण्याने गीझर धुतला, जाळी साफ केली आणि गॅस उघडला. फुस् करून निळी ज्योत पेटली. बाईंनी नळाखाली हात धरला. पाणी गरम आलं आणि गरमच राहिलं, एकसारखं, न थरथरता, न बिचकता. बाईंनी हात काढला नाही. वही कंबरेलाच राहिली.

झाकण लावण्यापूर्वी भिंगरीने पेन्सिल मागून घेतली. तिच्या जुन्या ओळीखाली आजची तारीख घातली आणि लिहिलं: व्हॉल्व्ह आज. मग चारही स्क्रू घट्ट केले.

जिन्याच्या तोंडाशी सामान बाहेर आलं. पेटी तिच्या खांद्यावर होती, पंप काखेत. खाली वापरलेल्या व्हिनेगरची बादली होती, तळाशी बोटभर पांढरा गाळ. तिला राहून राहून एकच चित्र दिसत होतं. त्या दिवशी ती नळाशी खेळत असताना मिस्त्री बॅटरी घेऊन गीझरखाली वाकले होते. बराच वेळ वाकले होते. इतका वेळ, की त्या दोन सरळ पाइपांत जे नव्हतं, ते त्यांच्यासारख्या माणसाला दिसलं नसेल असं होणं शक्य नव्हतं. मग ते उठले होते, तिच्याकडे पाहिलं होतं, तिच्या ओल्या हातांकडे आणि त्या वेड्यासारख्या हसण्याकडे, आणि कानामागची पेन्सिल काढली होती.

"बाबा," ती म्हणाली, "तपासलं तेव्हा तुम्हाला दिसलं होतं ना?"

मिस्त्रींनी वाकून बादली उचलली, तिचं वजन एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं, आणि गाळ हिंदकळू न देता, एकेक पायरी जपत, जिना उतरू लागले.