पांढऱ्या कांड्यांचा तुरा

खडेवाले हे त्यांचं आडनाव नव्हे, गल्लीनं लावलेलं. दोन खोल्यांत माणसं दोन, आणि दगड पार पलंगाखालीसुद्धा. आता जिने चढवत नाहीत म्हणून लेकीकडे राहायला जायचं ठरलं होतं. लेकीनं आधीच बजावलं होतं, "बाबा, तुम्ही दोघं या. दगड नकोत."

संग्रहालयाच्या बाई हे सगळेच दगड, म्हणजे झिओलाइट जातीचे स्फटिक, न्यायला तयार झाल्या, पण एका अटीवर. ओल्या खाणीच्या पोकळीतून निघालेला पांढऱ्या कांड्यांचा तुरा धड हवा. बाकीच्यांसारखे संग्रहालयात आधीच पडून होते.

खडेवाल्यांचे मेहुणे घड्याळजी, त्यांनाही हाच नाद. तुरा भिंगाखाली धरून ते म्हणाले, "दाजी, हा लॉमोन्टाइट. टोक बघा, एकाच अंगाला उतरलंय. आतलं पाणी उडालं की याचं पीठ होतं. ही बरणी आणलीय, तीत पाण्यात बुडवून ठेवा."

"स्कोलेसाइट आहे, त्याचं पीठ होत नाही. चिठ्ठी लावलीय मी."

"दगडानं कुठे वाचलीय ती? एक कांडी मोडून खिडकीत उन्हाला ठेवू. आपोआप कळेल."

"तुमच्या घड्याळाचा काटा मोडून बघू का, वेळ बरोबर दाखवतंय का ते?"

बायको आतून म्हणाली, "दादा, तू बरणी ठेवून जा."

बरणी कोपऱ्यात राहिली. खडेवाल्यांच्या हिशेबात कांडी मोडणं हे नुकसान होतं, आणि मेहुण्याचं खरं ठरणं त्याहून मोठं. तुरा काचेच्या कपाटात गेला. वर दिवा लागला, शोभा यावी म्हणून. दिवसेंदिवस कांड्या जास्तच पांढऱ्या दिसू लागल्या. खडेवाल्यांना ते दिव्याचं कौतुक वाटलं.

बाई आल्या तेव्हा मेहुणेही हजर होते. कपाटाचं दार अडकायचं. खडेवाल्यांनी नेहमीसारखा हिसका दिला. तुरा जागच्या जागी खाली बसला, आवाजसुद्धा न करता. उरला पांढरा भुगा, आणि त्यात उभी चिठ्ठी.

"फार वाईट झालं," बाई म्हणाल्या. इतर कपाटांकडे त्यांनी सभ्यपणे एकदा पाहिलं आणि पर्स उचलली.

मेहुण्यांनी भिंग खिशात ठेवलं. 'मी सांगितलं होतं' म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

बायकोनं दगड भरायला रिकामी पोती आणून दाराशी टाकली. खडेवाल्यांनी बरणीत पाणी भरलं आणि ते चमच्यानं भुगा त्यात सोडू लागले.

"दाजी, ते परत जुळत नाही."

"माहीत आहे. झाकण द्या."